कै. हरि नारायण आपटे : लेखणी आणि चरितार्थ

धुळ्याहून जळगावाकडे येणाऱ्या हमरस्त्यावर, एरंडोलच्या अलीकडे, पारोळे हे गाव लागते. तेथील भुईकोट किल्ला आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. परंतु मराठी कादंबरीस ज्यांनी प्रौढत्व आणले ते हरि नारायण आपटे ह्याच गावी ८ मार्च १८६४ रोजी जन्मास आले, ही गोष्ट आपल्या मुलांपैकी कितीजणांस ठाऊक असेल ह्याची आम्हास शंका वाटते. त्या काळी जळगाव व धुळे असे दोन जिल्हे नव्हते. सारा मुलूख मिळून खानदेश हा एकच जिल्हा होता. त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पुढे १९०६ साली झाले. तेव्हा हरिभाऊंना आपले म्हणण्याचा अधिकार दोन्ही जिल्ह्यांस सारखाच आहे.

हरिभाऊंच्या कादंबऱ्यांचे गुणदोष विवरण करून सांगणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. आम्ही येथे त्यांच्या चरित्राची एक निराळीच बाजू वाचकांपुढे ठेवणार आहो. लेखकाने लिहिलेले वाचकांच्या हाती जावे कसे, आणि लिहिणाऱ्या मनुष्याने आपला चरितार्थ चालवावा कसा, हे ते दोन प्रश्न होत. ज्या मुलास चार ओळी बऱ्या लिहिता येतात त्यास पहिला प्रश्न पडतो. आणि त्याच्या आईबापांस दुसरा पडतो. लिहिण्याचा नाद मुलास लागला म्हणजे घरातील वडील माणसे काळजीत पडतात, आणि त्यांची काळजी अगदीच निराधार असते असे आम्हास म्हणवत नाही. हरिभाऊंनी हे दोन्ही प्रश्न एका विशिष्ट रीतीने सोडविले. त्या रीतीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि तिची जी किंमत त्यांस द्यावी लागली तीही समजून घेण्यासारखी आहे.

हरिभाऊंची आई ते लहान असतानाच वारली. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईस नामांकित वकील होते. त्यांच्या आश्रयाखाली हरिभाऊंचे बालपण गेले. पुढे १८७८ च्या सुमारास हे कुटुंब पुण्यास आले. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक प्रभृतींनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, आणि त्या शाळेत शिकण्याचा योग हरिभाऊंस आला. चिपळूणकर, टिळक व आगरकर ह्या तिघांचे शिक्षण ज्या विद्यार्थ्यास लाभले त्याच्या भाग्याविषयी निराळे सांगावयास नको. १८८२ साली विष्णुशास्त्री अकाली वारले, तेव्हा अठरा वर्षांच्या ह्या शिष्याने त्यांच्यावर एक शोकपर काव्य रचिले. पुढे आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकाचे विकारविलसित ह्या नावाने भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच शिष्याने आपल्या गुरूच्या ग्रंथावर सविस्तर टीका लिहून छापविली. गुरूवर भक्ती असावी, परंतु ग्रंथाची परीक्षा करताना भीड धरू नये, ही वृत्ती त्यांच्या अंगी एवढ्या लहान वयातच आली होती.

१८८३ साली हरिभाऊ मॅट्रिक झाले. नंतर डेक्कन व फर्ग्युसन ह्या दोन कॉलेजांत त्यांनी अध्ययन केले. परंतु गणिताशी त्यांचे कधी जमले नाही आणि पदवी हाती आली नाही. इंग्रजी, संस्कृत व मराठी ह्या भाषांतील वाङ्मयाचा व्यासंग मात्र दांडगा होता. स्कॉट, डिकन्स, थॅकरे, रेनल्ड्स ह्यांच्या कादंबऱ्या त्यांनी मनापासून वाचल्या होत्या. पदवी नाही, म्हणून सरकारी खात्यातील चांगल्या जागेची आशा नाही. आणि मनात तर लेखनावाचून दुसरे काही नाही, अशी त्या तरुणाची स्थिती होती. ह्या ठिकाणी तो काळ कसा होता हे थोडे सांगितले पाहिजे.

आज ज्यास आपण प्रकाशक म्हणतो, म्हणजे जो लेखकाचे हस्तलिखित स्वतः पसंत करतो, आपल्या पैशाने छापतो, विकतो, आणि लेखकास मोबदला देतो, असा धंदा त्या काळी मराठीत नीट उभा राहिलेला नव्हता. ग्रंथ छापून निघण्याचे मार्ग थोडे होते. पहिला मार्ग सरकारी आश्रयाचा. दक्षिणा प्राइझ कमिटी चांगल्या ग्रंथांस बक्षिसे देत असे, आणि शिक्षणखाते शाळांकरिता काही पुस्तके विकत घेत असे. परंतु तेथे ज्ञानपर व उपयुक्त ग्रंथांस जेवढी वाट मोकळी, तेवढी कल्पित गोष्टींस नसे. दुसरा मार्ग धर्मप्रसारक संस्थांचा. ह्या संस्था बोधपर पुस्तके स्वतःच्या खर्चाने अल्प किमतीत काढीत. साहजिकच त्यांच्या हेतूस जुळेल तेवढेच त्यांत छापले जाई. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून मानली जाणारी बाबा पदमनजी ह्यांची यमुनापर्यटन ही १८५७ साली निघाली, ती विधवांची दुःखे वेशीवर टांगण्याच्या अशाच बोधपर हेतूने लिहिलेली होती. तिसरा मार्ग म्हणजे ग्रंथकाराने पदरचे पैसे घालावे, ओळखीच्या लोकांकडे जाऊन आगाऊ वर्गणीदार गोळा करावे, आणि छापून झालेल्या प्रती घरात रचून ठेवून एकेक खपण्याची वाट पाहावी. ह्या तिसऱ्या मार्गाने कित्येक घरे कर्जात बुडाली असतील, ह्याची कल्पना कोणासही करता येईल.

चौथा मार्ग नियतकालिकांचा होता, आणि तोच पुढे फळास आला. मुंबईस विविधज्ञानविस्तार हे मासिक १८६७ साली निघाले. त्याचे संपादक रामचंद्र भिकाजी गुंजीकर ह्यांनी आपली मोचनगड ही ऐतिहासिक कादंबरी त्याच मासिकातून क्रमशः दिली. विष्णुशास्त्र्यांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली, आणि केवळ आपल्या लेखणीच्या जोरावर एक मासिक सात वर्षे चालवून दाखविले. वर्गणीदाराच्या दारापर्यंत अंक नेऊन पोचविण्याचे काम सरकारी टपालाने सोपे केले होते. १८७७ पासून व्ही. पी. ची सोय झाली, तेव्हा पुस्तक पोचताच पोस्टमनच्या हाती पैसे देण्याची रीत रूढ झाली आणि दूरच्या गावच्या गिऱ्हाइकावर विश्वास टाकणे ग्रंथविक्रेत्यास शक्य झाले. आगगाडी खानदेशातून जाऊ लागली होतीच. ह्या सर्व गोष्टींचा अर्थ एवढाच की, पुण्यात बसलेल्या लेखकास आता भुसावळचा वाचक मिळू शकत होता. मात्र त्यास अंकामागून अंक नियमाने पोचविणारा कोणी पाहिजे होता.

हरिभाऊंनी प्रथम दुसऱ्यांची दारे ठोठावली. त्यांची पहिली कादंबरी मधली स्थिती ही पुणे वैभव ह्या पत्रातून १८८५ पासून क्रमाने प्रसिद्ध होऊ लागली. तीत रेनल्ड्सच्या कथानकाची छाया होती, परंतु चित्र पुण्याचेच होते: जुन्या आणि नव्याच्या मध्ये सापडलेला समाज, त्यातील व्यसने, ढोंगे व दुर्दशा. लोकांनी ती आवडीने वाचली. वर्तमानपत्रातून आठवड्याआठवड्याने कादंबरी दिली तर वाचक पुढील अंकाची वाट पाहतो, हा अनुभव त्यांस येथे मिळाला. त्याबरोबरच दुसराही धडा मिळाल्यावाचून राहिला नसावा. दुसऱ्याच्या पत्रात लिहिणारा लेखक हा भाडेकरूसारखा असतो. घर मालकाचे असते, आणि ते मोडले किंवा मालकाचे मन फिरले की बिऱ्हाड उचलावे लागते. त्यांची गणपतराव ही ह्याच सुमारास आरंभिलेली कादंबरी कायमची अपुरी राहिली.

इतक्यात त्यांच्या चरितार्थास एक स्थिर आधार लाभला. महादेव चिमणाजींनी आपली संपत्ती खर्चून पुण्यास आनंदाश्रम ही संस्था स्थापिली. संस्कृत हस्तलिखिते मिळवावयाची, त्यांचे पाठ ताडून पाहावयाचे, आणि शुद्ध ग्रंथ छापून प्रसिद्ध करावयाचे, हे तिचे कार्य. आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलीचा आरंभ १८८८ साली झाला. ह्या संस्थेची व्यवस्था हरिभाऊंकडे आली, आणि ती त्यांनी अखेरपर्यंत पाहिली. दिवसभर पंडितांत बसावे, मुद्रिते तपासावी, कागदाचा व छपाईचा हिशेब पाहावा, असे ते काम होते. ह्या कामाने दोन गोष्टी साधल्या. घर चालण्यासाठी कादंबरीच्या खपाकडे डोळे लावून बसण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. आणि ग्रंथ कसा घडतो, त्यास खर्च कोठे व किती येतो, ह्याचे नित्य शिक्षण मिळाले. लेखकांस बहुधा आपले लिखाण कळते, पण छापखाना कळत नाही. हरिभाऊंस दोन्ही कळू लागले.

ह्या तयारीवर त्यांनी २८ ऑक्टोबर १८९० रोजी करमणूक ह्या साप्ताहिकाचा पहिला अंक काढला. त्या वेळी त्यांचे वय सव्वीस वर्षांचे होते. पुण्यात पत्रांचा तोटा नव्हता. केसरी होता, सुधारक होता. दोन्ही पत्रांत राजकारणाची व समाजसुधारणेची रणे माजलेली असत. हरिभाऊंनी त्या रणात आणखी एक तलवार उपसली नाही. त्यांनी असे पत्र काढावयाचे ठरविले की, जे घरात सर्वांनी वाचावे, स्त्रियांनी व मुलांनीही वाचावे. ज्यात गोष्टी असाव्या, थोरांची चरित्रे असावी, शास्त्रीय माहिती असावी, कविता असाव्या, आणि वाचता वाचता मनावर चांगले संस्कार व्हावे. सुधारकांची मते जे व्याख्यान ऐकून घेण्यास तयार नव्हते, त्यांस गोष्टीच्या रूपाने तीच दुःखे दाखवावी, हा त्यातील मर्माचा भाग होता. बाजारातील कोणता कोपरा रिकामा आहे हे त्यांनी ओळखले, आणि त्या कोपऱ्यात आपले दुकान मांडले, असे व्यवहाराच्या भाषेत म्हणता येईल.

ह्या कृतीस जगाच्या वाङ्मयात उदाहरणे होती. चार्ल्स डिकन्सने आपली पिकविक पेपर्स ही कादंबरी १८३६ व १८३७ साली दरमहा एक शिलिंग किमतीच्या भागांनी विकली आणि अलोट वाचक मिळविले. पुढे १८५० साली त्याने स्वतःचे साप्ताहिक काढले, आणि त्यातून आपल्या व इतरांच्या कथा दिल्या. उलट बाजूचे उदाहरण सर वॉल्टर स्कॉटचे. तो छापखान्याच्या व्यवहारात भागीदार होता; १८२६ साली त्याचे प्रकाशक व छापखाना दोन्ही बुडाले, आणि उरलेले आयुष्य त्या थोर लेखकाने कर्ज फेडण्यासाठी लिहिण्यात झिजविले. हरिभाऊंनी ह्या दोघांच्याही कादंबऱ्या वाचल्या होत्या. स्वतः पत्र काढणे हे किती लाभाचे व किती धोक्याचे असते, हे दोघांच्या आयुष्यांत स्पष्ट लिहिलेले होते. डिकन्सची वाट त्यांनी धरिली. परंतु आनंदाश्रमाचा आधार त्यांनी सोडला नाही. आमच्या मते त्यांच्या व्यवहारचातुर्याचा सारा गाभा ह्यात आहे.

करमणुकीच्या पहिल्याच वर्षी दोन कादंबऱ्या एकाच वेळी चालू झाल्या. एक म्हैसूरचा वाघ, टिपू सुलतानाच्या काळावरील. आणि दुसरी पण लक्षात कोण घेतो. ही दुसरी कादंबरी १८९० पासून १८९३ पर्यंत चालली. यमुना नावाची एक मध्यम स्थितीतील ब्राह्मण घरची स्त्री आपली कहाणी स्वतः सांगते: तिचे माहेर, लहानपणीचे लग्न, सासरचा जाच, समंजस पतीच्या सहवासातील थोडे सुखाचे दिवस, आणि नंतरचे वैधव्य व त्यातील विटंबना. घराघरातून जे घडत होते तेच छापलेले पाहून वाचक हळहळले. ज्या स्त्रियांस वाचता येत होते त्यांनी ती वाचली, आणि ज्यांस येत नव्हते त्यांनी ती वाचून घेतली असली पाहिजे. पदमनजींच्या कादंबरीची नायिका यमुना, आणि हरिभाऊंच्याही नायिकेचे नाव यमुना. दोहोंमध्ये तेहतीस वर्षांचे अंतर आहे. त्या अवधीत बोधपर पुस्तकाचा विषय घरोघरच्या वाचनात येऊन पोचला, आणि हे काम साप्ताहिकाच्या पानाने केले.

त्यानंतर हरिभाऊंची लेखणी अखंड चालली. यशवंतराव खरे, मी, उषःकाल, रूपनगरची राजकन्या, चंद्रगुप्त, गड आला पण सिंह गेला, सूर्योदय, कालकूट, वज्राघात अशी किती नावे सांगावी! शिवाय शेकडो पाने भरतील एवढ्या लहान गोष्टी. मराठीत लघुकथेचा जो पुढे विस्तार झाला त्याचे बीज करमणुकीतील ह्या स्फुट गोष्टींत आहे, असे जाणते लोक मानतात. मी ह्या कादंबरीतील भावानंद हा समाजसेवेस वाहून घेतलेला तरुण अनेक वाचकांचा आदर्श होऊन बसला. उषःकालात शिवकालाचे जे चित्र आहे त्याने पुढील कित्येक ऐतिहासिक कादंबरीकारांस वाट दाखविली.

परंतु ह्या यशाची दुसरी बाजूही मुलांनी समजून घ्यावी. साप्ताहिक हे मोठे निर्दय धनी असते. लेखकास ताप आला, घरी दुःख झाले, मन लागले नाही, तरी ठरलेल्या वारी अंक निघालाच पाहिजे, आणि त्यात कादंबरीचे प्रकरण पाहिजेच. हरिभाऊंच्या कादंबऱ्यांत पाल्हाळ आढळतो, मध्येच कथानक सैल पडते, वाचकास उद्देशून लांब विवेचने येतात. ह्याचे एक मोठे कारण हे आठवड्याचे बंधन होय. १९१३ साली वज्राघात आणि कर्मयोग ह्या दोन कादंबऱ्या एकदमच सुरू झाल्या. विजयानगरच्या नाशाची कथा सांगणारी वज्राघात १९१५ पर्यंत पुरी झाली; कर्मयोग मात्र अपुरीच राहिली. आजच ही कादंबरीही अशीच अर्धवट राहिली. स्वतःचे पत्र असले म्हणजे नकार देणारा कोणी नसतो, ही सोय खरी. पण थांब, हे पुन्हा लिही, असे सांगणाराही कोणी नसतो, ही गैरसोयही तितकीच खरी. चांगला प्रकाशक लेखकाचा पहिला कठोर वाचक असतो. हरिभाऊंस असा वाचक लाभता तर त्यांच्या कित्येक कृती अधिक आटोपशीर झाल्या असत्या, असे आम्हास वाटते.

हरिभाऊंनी उघडलेले दार केवळ स्वतःपुरते ठेविले नाही, हे त्यांचे मोठेपण. ह्या संबंधात आपल्या खानदेशाशी निगडित असलेली एक हकीकत सांगितली पाहिजे. आधुनिक मराठी कवितेचे जनक केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, हे पेशाने शाळामास्तर. मुंबईत प्लेगाने हाहाकार केल्यावर १८९८ च्या सुमारास ते खानदेशात आले. प्रथम भडगाव येथे आणि पुढे फैजपूर येथे त्यांनी शाळेत काम केले. दिवसा मुले शिकवावी आणि उरलेल्या वेळात कविता लिहाव्या, असा त्यांचा क्रम. स्वभाव एकांतप्रिय व भिडस्त; आपल्या कविता घेऊन प्रकाशकांच्या पायऱ्या चढणे त्यांच्याने झाले नसते. त्यांच्या कविता मासिकांतून व करमणुकीसारख्या पत्रांतून सुट्या सुट्या प्रसिद्ध होत. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी ते हुबळी येथे अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारले, तोवर त्यांच्या कवितांचे एकही पुस्तक निघालेले नव्हते. पुढे १९१७ साली त्यांचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला तो हरिभाऊंच्या खटपटीने. विखुरलेल्या कविता एकत्र करून त्या पुस्तकरूपाने टिकवाव्या, हे काम एका कादंबरीकाराने एका दिवंगत कवीसाठी केले. ते झाले नसते, तर पुढच्या पिढीच्या कवींस केशवसुत इतक्या सहज वाचावयास मिळाले असते काय?

हरिभाऊंचे आयुष्य लेखनातच संपले असेही नाही. पुणे नगरपालिकेत त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले आणि तिचे अध्यक्षपदही भूषविले. प्लेगाच्या दिवसांत लोक शहर सोडून पळत असता त्यांनी रोग्यांच्या व्यवस्थेत लक्ष घातले. १९१२ साली अकोला येथे भरलेल्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९१५ साली मुंबई विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानमालेत त्यांनी मराठी भाषेचा उगम व विकास ह्या विषयावर व्याख्याने दिली. ज्यास विद्यापीठाची पदवी मिळाली नव्हती त्यास विद्यापीठाने आदराने बोलावून घेतले. करमणूक १९१७ साली बंद झाली. एका माणसाच्या श्रमावर ती सत्तावीस वर्षे चालली होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना हरिभाऊंनी पुण्यात देह ठेविला.

आता ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? सर्वांसच आनंदाश्रमासारखा आधार देणारा चुलता मिळत नाही, हे आम्ही जाणतो. आणि हरिभाऊंच्या यशात ह्या दैवदत्त आधाराचा वाटा मोठा आहे हे लपविण्याचे कारण नाही. तथापि त्यातील तत्त्व कोणासही आचरता येईल. पोटासाठी एक प्रामाणिक उद्योग हाती असावा, आणि तो शक्य तर लेखनाच्या जवळचा असावा: शाळा, छापखाना, ग्रंथालय, वर्तमानपत्र. केशवसुतांनी फैजपूरच्या शाळेत तेच केले. पालकांस आमची विनंती अशी की, मुलाने उद्योग सोडून लिहीत बसावे असे आम्ही सांगत नाही. पण उद्योगासाठी लेखन सोडावे असेही त्यास सांगू नये. दोन्ही एका घरात नांदू शकतात.

मुलांस काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. ज्या मासिकास लेख पाठवावयाचा त्याचे चार-सहा अंक आधी वाचावे. बालभारतीचे किशोर हे मुलांचे मासिक १९७१ पासून निघत आले आहे. दिवाळी अंकांची परंपरा तर १९०९ च्या मनोरंजनापासूनची आहे. प्रत्येकाचा वाचक निराळा, आणि लेखाची लांबीही निराळी. करमणुकीत काय शोभेल आणि केसरीत काय शोभेल ह्याचा भेद हरिभाऊंनी ओळखला होता, तसा तुम्ही ओळखावा. आपल्याजवळ एक प्रत ठेवावी. एकच लेख एकदम दोन ठिकाणी पाठवू नये. नकार आला तर लेख पुन्हा वाचावा, सुधारावा, आणि मग दुसरीकडे पाठवावा. मोबदला किती व केव्हा मिळेल हे विचारण्यात लाज नाही. पुस्तक काढून देतो, आधी पैसे भरा, असे जो म्हणतो तो छपाईचा धंदा करीत असतो. त्यात पाप नाही, पण त्यास प्रकाशक समजून फसू नये.

हक्कांविषयी पालकांनीही लक्ष घालावे. आपल्या देशातील १९५७ च्या कायद्याप्रमाणे, पुढे झालेल्या दुरुस्तीनंतर, ग्रंथकाराचा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. हा हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर तो लेखी व सहीनिशीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, आणि मुलूख लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतात. अठरा वर्षांखालील मुलास स्वतः करार करता येत नाही. तेव्हा अशा कागदावर सही करण्यापूर्वी वडील माणसांनी तो ओळ न् ओळ वाचावा. किती रुपये हाती येतात ह्याहून कोणते हक्क हातचे जातात हे आधी पाहावे.

आणि ज्यांस स्वतः लिहिता येत नाही त्यांच्यासाठीही हरिभाऊंच्या चरित्रात एक काम शिल्लक आहे. जळगावाजवळच्या असोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी ह्यांस अक्षरओळख नव्हती. शेतात व जात्यावर त्यांनी रचलेल्या ओव्या कोणा प्रकाशकाकडे जाणे शक्यच नव्हते. घरच्या माणसांनी त्या उतरून घेतल्या, आणि १९५१ साली बहिणाबाई वारल्यावर चिरंजीव सोपानदेव ह्यांनी त्या आचार्य अत्रे ह्यांस दाखविल्या. म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले. तुमच्या घरात, गल्लीत, शेतावर असे कोणी असेल. त्यांचे बोल वहीत लिहून घ्या, तारीख घाला, आणि वही जपून ठेवा. हरिभाऊंनी केशवसुतांच्या कवितांसाठी जे केले ते करावयास कादंबरीकारच व्हावे लागते असे नाही.